इतर माहिती असल्यास

गुणी मुलाचे कौतुक करावे, हे कोणाला पटत नाही? पण कौतुक कोणाचे करावे, हे ठरवायची पाळी आली की भलेभले डोके खाजवू लागतात. घरात दोन मुले असली तरी आईची पंचाईत होते. मग हजारो विद्यार्थ्यांच्या विद्यापीठाची काय कथा!

मी तळेऱ्याला मराठी शिकवतो. मुंबईहून गोव्याला जाताना तुम्ही आमच्या गावावरून नक्की गेला असाल. फक्त ते तुमच्या लक्षात राहिले नसेल. महामार्ग इथे थोडा दम खातो. एक रस्ता वैभववाडीवरून गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूरला जातो, एक खाली विजयदुर्गाच्या किल्ल्याकडे उतरतो. चहा पिऊन माणसे आपापल्या वाटेला लागतात. अशा नाक्यावरच्या गावात शिकवणाऱ्याला एक खोड लागते. कोणता मुलगा कोणत्या रस्त्याने जाईल, याचा तो उगाच अंदाज बांधत बसतो.

दरवर्षी आमच्याकडे एक अर्ज येतो. पदवीच्या वर्गातल्या उत्कृष्ट विद्यार्थ्याचा गौरव करायचा असतो, आणि त्यासाठी कॉलेजने एक नाव सुचवायचे असते. अर्जात रकाने असतात: परीक्षेतले गुण, खेळ, वक्तृत्व, नाट्य, समाजसेवा, नेतृत्व. प्रत्येक रकान्याखाली बारीक अक्षरांत सूचना असते, की प्रमाणपत्राची सत्यप्रत जोडावी. आणि अगदी शेवटी, उरलेल्या दोन ओळींत, एक गरीब बिचारा रकाना असतो: ‘इतर माहिती असल्यास’.

हे रकाने आले कुठून, असा विचार करू लागलो की मन फार मागे जाते. पेशवाईत श्रावण महिन्यात पुण्याला विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. शास्त्र किती येते ते पाहावे आणि त्या मानाने रुपये द्यावेत, असा प्रकार. त्या वेळी गुणांचा रकाना होता. पण रांगेत कोणी उभे राहायचे, ते जन्मानेच ठरत होते. इंग्रजी आल्यावर त्या दक्षिणेचे रूप पालटत गेले. त्यातून मराठी पुस्तकांना बक्षिसे मिळू लागली आणि कॉलेजातल्या हुशार तरुणांना ‘दक्षिणा फेलो’ म्हणून नेमण्यात येऊ लागले. स्वतः शिकायचे आणि खालच्या वर्गांना शिकवायचे, असा तो मान होता. न्यायमूर्ती रानडे दक्षिणा फेलो होते. रामकृष्ण गोपाळ भांडारकरही होते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले आणि १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत ही दोन्ही नावे आहेत. यांतले भांडारकर आमच्या मालवणचे, १८३७ सालचा त्यांचा जन्म. रत्नागिरीच्या शाळेतून मुंबईला गेलेला हा मुलगा १८९३ साली त्याच विद्यापीठाचा कुलगुरू झाला. आम्ही कोकणातले मास्तर ही गोष्ट वर्गात जरा घसा साफ करून सांगतो.

पण मला अधिक जवळचे वाटतात ते वामन शिवराम आपटे. संस्कृत शिकणाऱ्या कोणत्याही मुलाला विचारा. ‘आपट्यांचा कोश’ म्हणजे काय, ते तो सांगेल. हे आपटे १८५८ साली जुन्या सावंतवाडी संस्थानातल्या एका खेड्यात जन्मले. आईबाप लहानपणीच गेले. कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात महादेव मोरेश्वर कुंटे मुख्याध्यापक होते. या पोरक्या मुलात काहीतरी आहे हे त्यांनी ओळखले आणि त्याला हात दिला. १८७३ साली मॅट्रिकला वामनला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. पुढे डेक्कन कॉलेज, मग टिळक-आगरकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल, १८८५ साली फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद आणि १८९० साली तो प्रचंड संस्कृत-इंग्रजी कोश. १८९२ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते वारले.

शिष्यवृत्तीने आपट्यांना मोठे केले, असे आपण म्हणतो. ते खोटे नाही. पण शिष्यवृत्ती परीक्षेच्या दिवशी आली. कुंटे त्याच्या कितीतरी आधी आले होते. त्या मुलाकडे आधी कोणी नीट पाहिले नसते, तर शंकरशेटांच्या शिष्यवृत्तीला तो सापडला असता का? पारितोषिक हे आंब्याच्या पेटीसारखे असते. पेटीवरचे नाव सगळे वाचतात. ऐन उन्हात झाडावर चढून आंबा उतरवणारा गडी कोणाला दिसत नाही.

बरे, पेटी नेहमी योग्य घरी पोचतेच असेही नाही. कॉर्नेलिया सोराबजी ही नाशिकची मुलगी. डेक्कन कॉलेजातून १८८७ साली तिने बी. ए. ची परीक्षा पहिल्या वर्गात दिली. विलायतेला जाऊन शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती होती, आणि गुणांवर ती तिलाच मिळायला हवी होती. मिळाली नाही. कारण एकच, ती मुलगी होती. नियम करणाऱ्यांच्या मनात ‘विद्यार्थी’ म्हणजे मुलगा, हे इतके पक्के बसले होते की तसे लिहून ठेवण्याचीही गरज पडली नसावी. पुढे काही इंग्रज हितचिंतकांनी वर्गणी जमवली, ती १८८९ साली ऑक्सफर्डला गेली, आणि १८९२ साली कायद्याची परीक्षा देणारी तिथली पहिली स्त्री ठरली. परीक्षा दिली खरी. पदवी मात्र हातात पडायला आणखी तीस वर्षे जावी लागली. गुण तिचे होते, रकाना दुसऱ्यांचा होता!

तुम्ही म्हणाल, ही जुन्या काळची कथा झाली. मग अलीकडची ऐका. २०१७ साली पुणे विद्यापीठाचे एक परिपत्रक वर्तमानपत्रांत गाजले. एका सुवर्णपदकासाठी देणगीदारांनी घातलेल्या अटी त्यात होत्या, आणि त्यांत विद्यार्थी शाकाहारी असावा, अशीही एक अट होती. वाद पेटला आणि विद्यापीठाला पाऊल मागे घ्यावे लागले. त्या दिवशी आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत कोणी संतापले नाही; सगळे हसले. दुपारच्या डब्यांत बांगड्याचे तिकले होते. आमच्या किनाऱ्यावर ही अट लावली असती, तर पदक दरवर्षी समुद्रात सोडावे लागले असते. हसून झाल्यावर मात्र मनात आले, की ही अट विचित्र म्हणून आपल्याला दिसली तरी. ज्या अटी विचित्र दिसत नाहीत, त्यांचे काय?

अशीच एक अट मला काही वर्षांपूर्वी त्या अर्जात भेटली. तृतीय वर्षाच्या वर्गात एक मुलगी होती. घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीतून येई. गुण उत्तम; पण त्याहून उत्तम म्हणजे तिचे प्रश्न. एखादा शब्द अडला की ती अर्थ विचारून थांबत नसे, ‘हा आमच्याकडे वेगळ्या अर्थाने का वापरतात?’ असे विचारी. मी तिला अर्ज भरायला बसवले. पहिला रकाना झरझर भरला आणि मग लेखणी थांबली. खेळाचा सराव, नाटकाच्या तालमी, वक्तृत्वाची तयारी हे सगळे कॉलेज सुटल्यावर चालते. आणि तिची एस. टी. साडेचारला सुटते. ती चुकली की दुसरी गाडी नाही. तीन वर्षांचे सगळे रकाने त्या एका गाडीने नेले होते.

“ह्या रकान्यात लिवक माझ्याकडे काय नाय, सर,” ती हसत म्हणाली. मुले अशा वेळी हसतात, तेच अधिक लागते.

मी सहज विचारले, “घरी गेल्यावर काय करतेस?”

तेव्हा कळले. आईच्या बचतगटात बारा बायका. अकरावीपासून गटाचा सगळा हिशेब ही ठेवते. कोणी किती भरले, कोणाला कर्ज दिले, हप्ता कोणाचा राहिला, सगळे हिच्या वहीत. बँकेत कागद वाचून दाखवायला हीच जाते. एकदा हप्त्यावरून दोघींचे बोलणे तुटले होते. हिने वही उघडून दोघींपुढे ठेवली आणि भांडण मिटले.

“अगं, मग हे नेतृत्वात लिही ना!”

“ता काय, सर? ता आईचा काम.”

आता प्रश्न सत्यप्रतीचा. आईच्या कामाचे प्रमाणपत्र कोणते कार्यालय देते? शेवटी रविवारी मी त्या वाडीत गेलो आणि गटाच्या बायकांना सगळे सांगितले. त्यांनी आपसांत बोलून एक पत्र केले. रेघांच्या कागदावर, त्यांच्याच शब्दांत. खाली अकरा सह्या आणि एक अंगठा. ते मी अर्जाला जोडले आणि नेतृत्वाच्या रकान्यात लिहिले, ‘पत्र पाहावे’.

पुरस्कार तिला मिळाला नाही. ज्याला मिळाला तो मुलगाही गुणी होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ती बातमी सांगितली तेव्हा तिचा चेहरा क्षणभर उतरला, नाही असे नाही. मग तिने विचारले, “सर, ता पत्र परत गावात?” अस्सल तिकडेच राहिले होते, मी ठेवलेली झेरॉक्स तिला दिली. तिच्या आईने ती गटाच्या वहीत पहिल्या पानावर चिकटवली आहे. मुलगी आता कोल्हापूरला एम. ए. करते.

पुरस्कार नसावेत, असे मी म्हणत नाही. नक्की असावेत. ते नसते तर एक पोरका मुलगा डेक्कन कॉलेजपर्यंत पोचला असता की नाही, कोणास ठाऊक. माझे म्हणणे इतकेच, की पुरस्कार शेवटी येतो, आणि त्याच्या आधी कोणीतरी त्या मुलाशेजारी बसून दोन प्रश्न विचारायला हवेत. ते काम समितीचे नव्हे. मास्तरांचे आहे, शेजाऱ्यांचे आहे, मामा-मावशीचे आहे.

दिवाळीत तुमच्याकडेही भाचे-पुतणे येतील. चकलीचा पहिला तुकडा मोडता मोडता आपण सवयीने विचारतो, “काय रे, किती टक्के?” जरूर विचारा, टक्के मेहनतीनेच मिळतात. पण उत्तर आल्यावर लगेच पुढच्या मुलाकडे वळू नका. फराळाचे ताट संपायला वेळ असतो. तेवढ्यात शेवटचा रकानाही विचारून घ्या.