तासाला साडेपाच हजार किलोमीटर

माझी सगळी नोकरी बँकेत गेली. व्याजाचा दर कुठल्याही रूपात समोर टाका, चटकन कळतो. पण सेकंदाला अमुक मीटर म्हटलं की डोळ्यांसमोर काहीही उभं राहत नाही. बहिणीच्या मुलाची हर्णैला मासेमारीची बोट आहे. तिच्यावर नवा फिशफाइंडर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून मासे आणि खोली दाखवणारं यंत्र, बसला आणि इंग्रजी येतं म्हणून त्याचं जाडजूड माहितीपुस्तक माझ्या हाती आलं. खोली, पल्ला, पडद्याचे रंग इथपर्यंत ठीक चाललं होतं. मग ‘साउंड स्पीड’, म्हणजे पाण्यातल्या आवाजाचा वेग, आलं आणि त्यापुढे सेकंदाला १५०० मीटर.

“मावशी, हे किलोमीटरमध्ये किती?” भाचा म्हणाला.

ही रीत शाळेतली. खांब ओलांडणाऱ्या आगगाडीच्या गणितात अठरा छेद पाच यायचं, तेच हे. सेकंदाच्या मीटरांना ३.६ ने गुणायचं की तासाचे किलोमीटर मिळतात. १५०० चे झाले ५४००. हवेत साधारण २० अंशांना आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे तासाला १२३५ किलोमीटर. पाण्यात त्याच्या चौपटीहून जास्त! मुंबई ते गोवा सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर. हा आवाज ते साडेचार मिनिटांत कापेल. भाचा खूश झाला. बोट चालवणारा तांडेल मात्र म्हणाला, “ताई, ते गाडीचं झालं. आमचं नॉटमध्ये सांगा.”

सागरी मैल १८५२ मीटरांचा आणि नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. ५४०० ला १.८५२ ने भागलं, २९१६ नॉट आले. आमची बोट आठच्या वर फारशी जात नाही. तांडेलानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा इंजिनाकडे, आणि चहा मागवला.

माझा खरा गोंधळ पुढे सुरू झाला. घरी नातीचं नववीचं एनसीईआरटीचं पुस्तक होतं. त्यात समुद्राच्या पाण्यातला वेग २५ अंशांना १५३१ मीटर दिला आहे. दुसऱ्या एका पुस्तकात १४३५ सापडला. बँकेत एकाच खात्याच्या अशा तीन शिल्लका दिसल्या असत्या तर चौकशीच लागली असती. शोध घेतला तेव्हा १४३५ चं मूळ स्वित्झर्लंडमध्ये निघालं. १८२६ साली कोलाडोन आणि स्टुर्म या दोघांनी जिनिव्हाच्या सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवली आणि त्याच क्षणी वर बंदुकीची दारू पेटवली. साडेतेरा किलोमीटरांवरच्या नावेत बसलेला माणूस उजेड दिसल्यापासून, पाण्यात बुडवलेल्या नळीतून घंटा ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजत होता. आवाजाला सुमारे ९.४ सेकंद लागले. हिशेब चोख आहे; पण ते पाणी गोडं आणि ८ अंशांचं. आमचं खारट आणि कोमट.

आणि पाण्यात आवाज वेगानं जातो तरी का? पाणी हवेपेक्षा दाट म्हणून, असं मला सगळ्यांनी सांगितलं. ते उलट आहे. दाटपणानं आवाज मंदावतोच. समुद्राचं पाणी हवेच्या सुमारे साडेआठशे पट जड असतं. पण दाबायला गेलात तर हवेपेक्षा पंधरा हजार पटींहून अधिक ताठ. या ताठरपणापुढे वजन हरतं. मीठ वाढलं, दाब वाढला, की ताठरपणा आणखी वाढतो. समुद्राचं पाणी तापलं तरीही. त्यामुळे वेगाचा एकच आकडा कुणी देऊ शकत नाही.

हर्मन मेडविन यांचं १९७५ चं एक सुटसुटीत सूत्र मिळालं. शून्य अंश, हजारात ३५ भाग क्षार आणि पाण्याचा पृष्ठभाग धरला की वेग १४४९.२ मीटर. तिथून तापमानाची भर घालायची. आमच्या पडद्याच्या कोपऱ्यात २८ अंश दिसत होते. त्याला ४.६ ने गुणून १२८.८ मिळवले; मग तापमानाच्या वर्गाचे ४३.१ वजा, घनाचे ६.४ पुन्हा अधिक. झाले १५४१. तासाला ५५४८ किलोमीटर, जवळजवळ तीन हजार नॉट. खोलीची भर शंभर मीटरला दीडेक मीटर, म्हणजे आमच्या उथळ पाण्यात सोडून दिली तरी चालते.

भर महासागरात मात्र सोडून चालत नाही. तिथे खाली जाताना पाणी गार होतं, वेग घटतो. मग दाब वरचढ होतो आणि वेग पुन्हा वाढतो. मध्ये, बऱ्याच ठिकाणी हजारेक मीटरांवर, सर्वांत मंद थर असतो. आवाज त्यात अडकतो आणि फारसा न विरता दूर जातो. १९६० साली ऑस्ट्रेलियात पर्थजवळ पाण्याखाली केलेले स्फोट पावणेचार तासांनी बर्म्युडाला, जवळजवळ वीस हजार किलोमीटरांवर टिपले गेले. इथे तासाला किलोमीटर हे माप शोभून दिसतं.

बोटीवर ते काय कामाचं? तांडेल खोली वावांत सांगतो. त्याचा वाव हाताचा. मी फॅदमचा धरला, १.८३ मीटर. मग आवाज सेकंदाला ८४२ वाव जातो. हे ऐकून तो पहिल्यांदा नीट सरसावून बसला. वीस वावांवर तळ असेल तर आवाज जाऊन परत यायला सेकंदाचा एकविसावा भागही लागत नाही. तेवढ्यात बोट वीतभर सरकते. नंतर कळलं की जुन्या इंग्रजी-अमेरिकन यंत्रांत वेग मुळी सेकंदाला ८०० किंवा ८२० फॅदम असाच बसवलेला असे. किलोमीटर-मैलांच्या कसरती किनाऱ्यावरच्यांसाठी आहेत, असं माझं मत झालं. ज्या मापात खोली मोजता, त्याच मापात वेग ठेवावा.

यंत्र फक्त वेळ मोजतं. वेग आपण सांगू तो धरतं. त्याला १५०० सांगितले आणि समुद्रात १५४१ असले, तर पडद्यावरची खोली दर दहा वावांमागे पाव वावाहून किंचित जास्त कमी दिसते. तळ खरा त्याहून खाली असतो, त्यामुळे बोट खडकावर चढायची भीती नाही. दोर सोडताना मात्र चाळीस वावांच्या पाण्यात एक वाव जादा धरावा.