हांडेल, तारा, फाळका

हांडेल. फार्गो, डॉज, बेडफर्ड या पेट्रोलच्या लॉऱ्यांचं. बंपरच्या भोकातून घालायचं आणि झटक्यात फिरवायचं. अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, ही क्लीनरची पहिली शिकवणी. इंजिननं उलटा झटका दिला की मनगट गेलंच. पुढं सेल्फ आला नि हांडेल सीटमागं गेलं. तिथं ते कशाला ठेवायचे, हे रात्रीचा प्रवास केलेल्यांना ठाऊक आहे.

तारा. टाटांचा डाइमलर-बेंझशी करार १९५४ ते १९६९. तेवढ्या काळातल्या बॉनेटवर तीन टोकांचा तारा. करार संपला, ताऱ्याच्या जागी 'टी' आला. आत फारसं काही बदललं नाही, पण शौकीन अजून ताऱ्याचीच गाडी खरी मानतात. मला हा हट्ट आवडतो.

नाक. इंजिन केबिनबाहेर, लांब बॉनेटखाली. मिस्त्री मडगार्डवर बसून काम करी. नाक गेलं, इंजिन ड्रायव्हरच्या मांडीशी आलं. मे महिन्यात नांदेडहून देगलूरमार्गे हैदराबाद गाठताना पायाला चटके बसत. आता ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा. उशीर झाला, पण बरं झालं.

नागडी चासी. कारखान्यातून ती तशीच निघे. ड्रायव्हर डोक्याला उपरणं गुंडाळून, डोळ्यांवर गॉगल चढवून, उघड्यावर बसून शेकडो किलोमीटर आणी. केबिन, हौदा सगळं गावचे सुतार करत. कोरीव फळ्या, चौकटीची वळणं पाहून गाडी कुठल्या हातची ते जाणकार सांगत.

फाळका. मागच्या फळीवर कमळ, मोर, मालकाच्या पोरांची नावं, कुलदैवत. 'हॉर्न ओके प्लीज'वर राज्याच्या परिवहन आयुक्तांनी २०१५ साली बंदी घातली. बंदीपेक्षा पेंटरला रेडियमच्या स्टिकरनं जास्त मारलं.

बिल्टी. कार्बन घालून लिहिलेली, अडत दुकानाच्या शिक्क्याची. लातूरची तूर त्या कागदावर बाहेर पडे. एप्रिल २०१८पासून राज्याबाहेरच्या मालाला ई-वे बिल, मोबाइलवर.

टँकर. मराठवाड्यात लॉरी निवृत्त होत नाही. बहात्तरच्या दुष्काळात धान्याची पोती वाहिलेल्या गाडीचा हौदा उतरवला, टाकी चढवली, की पुढची काही वर्षं पाणी. पाटे खचेपर्यंत. मग भंगार.

अल्बियन. निजामाच्या परिवहन खात्यानं १९३२ साली २७ बसगाड्यांनी सुरुवात केली. तेव्हा नांदेड-लातूरही त्याच संस्थानात. त्यातली एक अल्बियन हैदराबादच्या बसभवनात जपलेली आहे. माल वाहणाऱ्या लॉरीला असं छप्पर कुणी दिलं नाही. तुमच्या गोठ्यामागं ताऱ्याचं बॉनेट पडलं असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी नंबरपाटीसकट एक फोटो तरी काढून ठेवा.