एकशेवीसाचे पन्नास

मंडळी, ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा 2004 सालचा ऑनलाइन खेळ. इथे इंदूरला आमचा नातू तो वर्षानुवर्षं खेळतोय. 2020 मध्ये त्यातल्या पातळ्या आकसल्या. 120 वर पोचलेला गडी थेट 50 वर! नवख्याला चढण सोपी व्हावी, हा हेतू.

मी समजावलं, “1957 मध्ये सोळा आण्यांचे शंभर नवे पैसे झाले, रुपया तोच राहिला ना? तसंच हे.”

तो म्हणाला, “आबा, तुमचं प्रमोशन कुणी असं परत घेतलं असतं तर?”

मी गप्प. त्या प्रमोशनपायी सात गावं फिरलो, पोरांच्या शाळा बदलल्या. हिशेब जुळतो हो. पण मेहनतीचा आकडा नुसता हिशेबाचा नसतो. तो कमी करताना हात जरा कचरायला हवा.