ठासून भरलेला रविवार

"बाबा, या रविवारी परत दारू ठासली."

फोनवर पलीकडे शांतता. मग मागून आईचा आवाज, "काय ठासली म्हणाला तो?"

तर मंडळी, गैरसमज नको. दारू म्हणजे बंदुकीची दारू. शोरा, गंधक आणि कोळसा. आणि ठासली म्हणजे खरंच दांड्याने दाबून ठासली. आईला हे पटायला मात्र तीन रविवार गेले :)

झालं असं की २०२३ मध्ये मी ऑनसाइट होतो, सिनसिनाटीला. आमच्या टीममध्ये एक साठीचा गोरा होता, तीस वर्षं मेनफ्रेमवर काढलेला. मी त्याला मनातल्या मनात मेनफ्रेम काका म्हणायचो. एका शुक्रवारी त्याने विचारलं, रविवारी काय करतोस? मी म्हटलं, कपडे धुतो आणि डाळ-भात लावतो. त्याला बहुधा दया आली. म्हणाला, चल माझ्याबरोबर रेंजवर.

मला वाटलं पिक्चरमध्ये असतं तसं काहीतरी असेल, धाड धाड धाड. काकांनी लाकडी पेटीतून काढलं ते १८५१ च्या कोल्ट नेव्ही रिव्हॉल्व्हरची इटलीत बनलेली नक्कल. सॅम्युएल कोल्टने फिरत्या सिलिंडरच्या पिस्तुलाचं अमेरिकन पेटंट घेतलं १८३६ साली. त्या काळात आज आपण ओळखतो ते पितळी काडतूस नव्हतंच. सिलिंडरच्या प्रत्येक घरात दारू मोजून ओतायची, वर शिशाची गोल गोळी ठेवायची, नळीखालचा दांडा खाली ओढून ती आत दाबायची. गोळी घरापेक्षा किंचित मोठी असते, त्यामुळे दाबताना शिशाची एक केसासारखी बारीक रिंग कापली जाऊन बाहेर पडते. ती पूर्ण गोल निघाली की समजायचं, गोळी घट्ट बसली. मग वरून ग्रीस. आणि सगळ्यात शेवटी, मागच्या बाजूला तांब्याची इवलीशी टोपी. दिवाळीतल्या टिकल्या आठवा, त्यांचीच ही खापरपणजी. घोडा त्या टोपीवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि दारू पेटते. घरं सहा, पण काका भरायचे पाचच. घोड्याखालचं सहावं रिकामं ठेवायचं, चुकून आपटलं तरी काही व्हायला नको म्हणून.

ग्रीस लावताना मी हळूच विचारलं, यात काय असतं? मेण आणि वनस्पती तेल, काका म्हणाले. त्यांना कळेना मी का हसतोय. आता आपल्याकडच्या शाळेत शिकलेल्या माणसाला काडतूस आणि चरबी म्हटलं की १८५७ सोडून दुसरं काय आठवणार? पण पुस्तकात वाचलेली ती चरबी मुळात होती कशाला, हे मला त्या दिवशी कळलं. काळ्या दारूची काजळी भयंकर चिकट. वंगण नसेल तर गोळी भरणं दोन-चार बारांतच जड जायला लागतं. इथे आणखी एक काम असतं, एका घरातली ठिणगी शेजारच्या घरात जाऊ नये. गेली तर एकदम दोन-तीन बार उडतात, हातात.

पहिला बार मी उडवला तेव्हा आवाजापेक्षा धूरच लक्षात राहिला. पांढराशुभ्र ढग, समोरचं टार्गेट गायब, आणि सडक्या अंड्याचा वास. पाच बार, पाऊण तास. त्यात भरणं, नेम धरणं, धूर जायची वाट बघणं. आणि घरी जायच्या आधी गरम साबणाच्या पाण्याने सगळं धुवायचं, कारण ती काजळी हवेतला ओलावा ओढते आणि लोखंडाला एका रात्रीत गंज चढवते. म्हणजे शेवटी रविवारी धुणं काही चुकलं नाही.

पण मला नाद लागला राव. दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या माणसाला, प्रत्येक पायरी हाताने करावी लागते आणि एकही पायरी विसरून चालत नाही, या गोष्टीची गोडी लागते. सप्टेंबरात काका मला इंडियानातल्या फ्रेंडशिप नावाच्या गावी घेऊन गेले. ठासणीच्या बंदुका उडवणाऱ्यांची १९३३ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय संघटना आहे, तिच्या स्पर्धा तिथे भरतात. या खेळाच्या जागतिक स्पर्धासुद्धा होतात. त्यात या रिव्हॉल्व्हरचा पंचवीस मीटरचा प्रकार आहे, मॅरिएट नावाचा. तीस मिनिटांत तेरा गोळ्या, त्यातल्या उत्तम दहा धरायच्या. आपल्या व्हिडिओ गेममध्ये तीस मिनिटांत किती होतात?

आता मुद्द्याचं.

माझे बाबा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. माझं बालपण क्वार्टर्समध्ये गेलं. बाबा काय करतात असं शाळेत विचारलं की मी सांगायचो, पितळेच्या वाट्या. "आमटीसाठी?" असं एकाने विचारलं आणि दहावीपर्यंत माझं नाव वाटी पडलं. बाबा स्वतः कामाबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. मी इंजिनियर झालो, आयटीत शिरलो, पहिल्या वर्षी बाबांच्या शेवटच्या पगाराच्या जवळपास पोचलो आणि मनात कुठेतरी ठरवून टाकलं की आपल्या वडिलांनी उभा जन्म कंटाळवाणं काम केलं. लिहायला लाज वाटते, पण वाटायचं हे खरं.

पुढच्या एका रविवारी माझा घोडा पडला आणि नुसतं 'टक्'. बार उडालाच नाही. मी काय केलं असेल? सर्व्हर हँग झाला की आपण मान वाकडी करून स्क्रीनच्या मागे बघतो ना, तसं रिव्हॉल्व्हर वळवून आत बघायला निघालो. काकांनी माझं मनगट असं पकडलं की दुसऱ्या दिवशीपर्यंत वळ होता. नळी टार्गेटकडेच धरून ठेवली आणि मोठ्याने आकडे मोजायला लागले. वन, टू, थ्री... साठपर्यंत. आत ठिणगी धुमसत असेल तर बार उशिरा उडू शकतो. साठ झाल्यावर नवी टोपी लावली, घोडा ओढला, धाड. माझे पाय लटपटत होते. काका मला एक शब्द बोलले नाहीत, पण त्या दिवशी पुन्हा रिव्हॉल्व्हर हातात दिलं नाही.

रात्री फोन केला. तिकडे सोमवारची सकाळ, बाबा चहा घेत असणार. सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "सहा घरांची असली तरी ती ठासणीचीच बंदूक. माझ्या आजोळी सावंतवाडीकडे होती, डुकरं यायची शेतात. तिच्यात आणि काडतुसाच्या बंदुकीत फरक काय माहितीये?"

"काडतूस पटकन भरता येतं."

"ते झालंच. पण बार उडाला की पितळ फुगतं आणि घराला चिकटून बसतं. मागून धूर नाही, ज्वाळा नाही. मग किंचित आक्रसतं, म्हणून पुंगळी बाहेर निघते. जास्त कडक असेल तर तडकतं. मऊ असेल तर आत अडकतं. दोन्हीच्या मधे आणायचं. तेच आमचं काम."

मग बाबा अर्धा तास बोलले. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. वाटी ओढून ओढून तिची पुंगळी कशी होते, दर ओढीला पितळ ताठरतं म्हणून मधे मधे भट्टीत कसं तापवावं लागतं. इंग्रजांच्या फौजेची काडतुसं इथे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवत, आणि सीझन संपल्यावर बघावं तर त्यांना तडे गेलेले. नावच पडलं सीझन क्रॅकिंग. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळेत राहून गेलेला ताण, असं त्यामागचं कारण १९२१ मध्ये नीट मांडलं गेलं. उपाय साधा, हलक्या आचेवर तापवून तो ताण काढून टाकायचा.

"तुझ्या हातात आज उडालं नाही, तुला लगेच कळलं," बाबा म्हणाले. "आमची एक तडकलेली वाटी सुटून गेली तर ती कोणाच्या हातात फुटेल, हे आम्हाला कधीच कळणार नव्हतं. म्हणून घरी बोलायचो नाही."

मी शुक्रवारी रिलीज करतो, सोमवारी पॅच टाकतो. काय बोलणार?

मी परत आलो त्याला बरेच महिने झाले. २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या सात कंपन्या झाल्या आणि अंबरनाथची फॅक्टरी यंत्र इंडियात गेली. बाबा त्याच्या आधीच रिटायर झाले होते. आपल्याकडे ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो, आणि हौस हे काही परवाना मागायचं कारण नाही असं माझं मत आहे. त्यामुळे नाद सध्या बंद. १० मीटरच्या एअर पिस्तुलाचा क्लास लावायचा विचार चाललाय. बघू.

येताना बॅगेत एकच गोष्ट आणली, माझं शेवटचं कागदी टार्गेट. बाबांना दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि कपाटातून व्हर्नियर काढला (हो, घरी व्हर्नियर आहे, तोही कापडात गुंडाळलेला). भोकं मोजली. पाचही मोजली. मग सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजलं आणि कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं.

"सगळ्या डावीकडे जातायत," म्हणाले. "घाई करतोस."

टार्गेट आता फ्रिजवर लावलंय. आई आल्यागेल्याला सांगते, हा तिकडे दारू ठासायचा. पुढचं कुणालाच सांगत नाही.