पाहुण्यांचें आणि घरचें

गेल्या ज्येष्ठांत आम्हांस जव्हारास जाण्याचा योग आला. नाशकाहून त्र्यंबकेश्वर, पुढें तोरंगणचा घाट उतरून मोखाडा आणि मोखाड्यावरून जव्हार, असा हा सुमारें ८० किलोमीटरांचा रस्ता. १९८५ च्या सुमारास आम्ही मोखाडा तालुक्यांतील एका शाळेवर होतों. तेथला आमचा एक विद्यार्थी आतां पन्नाशीला आला असून जव्हारजवळ त्यानें आंबा-काजूची वाडी केली आहे. ‘गुरुजी, एकदां वाडी पाहून जा,’ असें त्याचें बोलावणें कित्येक वर्षें येत होतें आणि आम्ही तें कांहीं ना कांहीं निमित्तानें टाळीत होतों. टाळण्याचें खरें कारण पुढें येईलच. या वर्षीं अमेरिकेहून आमची नात सुट्टीला आली, तिनें हट्ट धरला, आणि आम्ही उभयतां तिला घेऊन निघालों.

नात जॉर्जिया प्रांतांत राहते. तो प्रांत पीच या फळाविषयीं प्रसिद्ध आहे. नाशकाच्या बाजारांत हिमाचल प्रदेशाकडून आलेले पीच तिला दिसले, तेव्हां तिला घरची आठवण झाली आणि ‘जव्हारला गेल्यावर मी सगळ्यांना पीच कॉबलर करून घालीन,’ असें तिनें जाहीर केलें. टोपलीभर पीच गाडींत ठेवले. वाटेंत आम्हीं तिला सांगितलें कीं, हें फळ परकें खरें, तरी आपल्या देशास अगदींच नवें नव्हे. सातव्या शतकांत इकडे आलेला चिनी यात्रेकरू ह्यूएनत्संग लिहून गेला आहे कीं, कनिष्क राजाच्या काळीं चीनकडून ओलीस म्हणून आलेल्या मंडळींनीं पीच व नासपती हीं फळें या देशांत आणलीं. म्हणून येथें पीचला ‘चीनानी’ व नासपतीला ‘चीनराजपुत्र’ हीं नांवें पडलीं. युरोपांतील लोकांनीं मात्र पीच इराणचा समजून त्याच्या लॅटिन नांवांत ‘पर्सिका’ हा शब्द घातला. नातीनें सर्व नीट ऐकून घेतलें. पण ऐकतां ऐकतां तिचा हात टोपलींत जात होता, आणि खरें सांगावयाचें तर आमचाही. त्र्यंबक येईपर्यंत निम्मे पीच संपले व मोखाडा आला तेव्हां टोपलींत नुसत्या बिया उरल्या.

हा कॉबलर म्हणजे काय, हें आमच्या वाचकभगिनींस सांगितलें पाहिजे. इंग्लंडांतून अमेरिकेंत जाऊन राहिलेल्या लोकांना पिठाच्या पारींत फळें भरून भट्टींत भाजण्याची संवय होती. नव्या मुलखांत भट्टी नाहीं, साहित्यही बेताचें. तेव्हां त्यांनीं लोखंडी भांड्यांत फळें शिजत ठेवावीं, वर पिठाचे गोळे सोडावे, झांकणावर निखारे पसरावे, आणि होईल तें गोड मानून खावें. केंटकी प्रांतांतील लेटिस ब्रायन या बाईंनीं १८३९ सालीं पाकशास्त्राचें एक पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांत पीचचा हा पदार्थ याच नांवानें आला आहे. पाहुण्यांच्या पंक्तीला शोभेल असें हें पक्वान्न नव्हे, घरच्यांसाठीं मात्र उत्तम, अशा अर्थाचा बाईंचा अभिप्राय आहे. वाचकांनीं तो ध्यानांत ठेवावा. आम्हांस तो या प्रवासांत फार उपयोगी पडला.

तोरंगणचा घाट उतरला कीं मुलूख बदलतो. दोन्ही बाजूंस उताराच्या तांबड्या जमिनी, त्यांत राब भाजून काळे पडलेले चौकोन, आणि पावसाची वाट पाहत आभाळाकडे डोळे लावून बसलेले शेतकरी. पहिल्या पावसाबरोबर या राबांत भात, नागली व वरई यांचें बीं पडतें. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा जमातींचे हे पाडे. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्याची विभागणी होऊन पालघर जिल्हा झाला, तेव्हांपासून जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके त्यांत आहेत. शहरांतल्या वाचकांना हीं नांवें बहुधा दुःखद बातम्यांतूनच ठाऊक असतात. १९९२-९३ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें कुपोषणानें बालकें दगावलीं, त्याची हळहळ साऱ्या महाराष्ट्राला वाटली. दिवाळी झाली कीं कित्येक कुटुंबें अजूनही वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर मजुरीला बाहेर पडतात. वैतरणेचें पाणी धरणांत अडवून मुंबईस नेलें आहे. पण वैशाखांत याच भागांतल्या अनेक पाड्यांवरील बायांना हंडाभर पाण्यासाठीं विहिरीच्या तळाशीं उतरावें लागतें. हें सर्व खरें आहे. तथापि सतत हेंच ऐकून आपली अशी समजूत होते कीं, या लोकांना कांहीं द्यावें एवढाच आपला त्यांच्याशीं संबंध. त्यांच्याकडून घ्यावें असें तेथें कांहीं असेल, हें मनांतही येत नाहीं.

जव्हार हें सुमारें दीड हजार फूट उंचीवरचें गांव. महादेव कोळी जमातीच्या मुकणे घराण्याचें राज्य येथें चौदाव्या शतकापासून होतें. १९४८ सालीं तें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. मूळ पुरुष जायबा मुकणे याची एक आख्यायिका सांगतात. त्यानें एका राजाकडे बैलाच्या कातड्यांत मावेल एवढीच जमीन मागितली, आणि होकार मिळतांच कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनीं मोठा मुलूख वेढून घेतला. हीच गोष्ट आफ्रिकेंतील कार्थेज नगरीची राणी डायडो हिच्याविषयींही सांगतात. एकानें दुसऱ्याची कथा घेतली, कीं थोड्यांत भागविण्याची गरज पडली म्हणजे दोन देशांत एकच युक्ति सुचते, याचा निकाल पंडितांनीं करावा. आमचें मत दुसऱ्या बाजूस झुकतें, आणि त्याचें कारण त्याच दिवशीं दुपारीं आम्हांस चुलीपाशीं मिळालें.

विद्यार्थ्याचें घर कुडाचें, वर कौलें, आंत-बाहेर शेणानें स्वच्छ सारवलेलें. मागें एकरभर उतारावर कलमी आंबे व काजू, आणि बांधावर वडिलांच्या वेळचीं रायवळ आंब्याचीं दोन झाडें. आम्हीं टेकतांच आमच्यापुढें फराळ आला: बिस्किटांचे पुडे, फरसाण, बाटलींतलें सरबत, आणि खास आमच्यासाठीं दूध घातलेला चहा. सर्व दुकानांतलें. आंत चुलीवर दुसरेंच कांहीं शिजत होतें, त्याचा वास येत होता. पण तें आम्हांस कोणीं विचारलें नाहीं. विद्यार्थ्याची म्हातारी आई उंबऱ्यापाशीं बसली होती. ‘गुरुजींना चालल तेंच द्या,’ असें ती सुनेला हळूच म्हणाली. तें आम्हांस ऐकूं आलें, आणि आमची मान खालीं गेली.

इकडे नातीला कॉबलरची आठवण झाली, आणि त्याबरोबर टोपलींतल्या बियांचीही. विद्यार्थी हंसून बांधाकडे गेला व पांटीभर रायवळ आंबे घेऊन आला. ‘पीच नाहीं तर हे घे, ताई.’ मग जें झालें तें आम्हीं मुद्दाम टिपून ठेवलें आहे, तें असें. दहा-बारा रायवळ आंब्यांचा रस व गर जाड कढईंत काढला. त्यांत अर्धी वाटी किसलेला गूळ, चिमूटभर मीठ व थोडी सुंठ घालून रस चांगला दाट होईपर्यंत आटविला. दुसरीकडे दीड वाटी कणीक व अर्धी वाटी नागलीचें पीठ एकत्र करून त्यांत पाव चमचा खाण्याचा सोडा व मीठ घातलें, आणि अर्धी वाटी थिजलेलें तूप बोटांनीं चोळलें. शेवटीं बेताबेतानें पाऊण वाटी आंबट ताक घालून पीठ केवळ एकत्र होईल इतकें हलविलें. कणीक मळतों तसें मळूं नये. मळल्यास वरचा थर चिवट होतो. नुसती नागली घेतली तर गोळे रसांत विरतात, कारण तिच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाहीं. आणि रस कढत असतांनाच गोळे सोडावे. निवल्यावर सोडले तर ते वरून भाजतात व तळाशीं कच्चे राहतात.

गोळे सोडून झाल्यावर नात थबकली. तिच्या घरीं विजेची भट्टी आहे. चुलीवर वरून आंच कशी द्यावी, हें तिला ठाऊक नव्हतें. तेव्हां म्हातारी प्रथमच उठून चुलीपाशीं आली. तिनें कढईवर तवा ठेवला, खालचीं लाकडें ओढून घेतलीं, आणि पळीनें निखारे उचलून तव्यावर पसरले. ‘खालीं जाळ कमी, वर जास्त,’ एवढेंच ती बोलली. सुमारें अर्ध्या तासानें तवा काढला. गोळे फुगून, एकमेकांस चिकटून, वरून तांबूस झाले होते आणि फटींतून आंब्याचा रस बुडबुडत होता. सोड्याला ताकाचा आंबटपणा भेटला कीं वायु सुटतो व पीठ हलकें होतें, हें आम्ही वर्गांत शिकवीत आलों. पण कढईंत डोळ्यांनीं पाहिलें तें त्या दिवशीं.

म्हातारीनें एक घास खाल्ला व ती नातीकडे पाहून म्हणाली, ‘हें तर आमचंच कीं ग. आम्ही पानांत करतों. काकडी निघाली म्हणजे.’

आमच्या हातांतली वाटी तशीच राहिली. कारण तें पान आम्हीं एकदां पाहिलें होतें. भाद्रपदाचे दिवस होते. उतारावरच्या शेतांत काकड्या निघाल्या होत्या. हाच विद्यार्थी, तेव्हां चौथीच्या वर्गांत, सकाळीं शाळेंत आला तो हातांत पळसाच्या पानांची पुडी घेऊन. काकडीचा कीस, गूळ व तांदळाचें पीठ एकत्र करून पानांत गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेला तो पानगा होता. आपल्या कोंकणांतल्या घरांतून होतो त्याचाच भाऊ. ‘आयनं दिलाय, गुरुजी,’ असें म्हणून त्यानें पुडी टेबलावर ठेवली. ती अजून ऊन होती. आमच्यावर घरच्या सोंवळ्या-ओंवळ्याचा पगडा होता. आम्हीं त्याला सांगितलें, ‘आज आमचा उपास आहे.’ उपास नव्हता. मधल्या सुट्टींत आम्ही डबा उघडून पोळी-भाजी खात असतां तो माठांतलें पाणी घेण्यास आंत आला, त्यानें पाहिलें, पाणी घेतलें आणि तो गेला. त्यानंतर त्यानें कधीं कांहीं आणलें नाहीं. अभ्यासांत, आदरांत तिळभर कमी केलें नाहीं. फक्त आणलें नाहीं.

या गोष्टीचा अर्थ आम्हांस पुढें पुष्कळ वर्षांनीं कळला. पेढे, बिस्किटें ही पाहुण्यांची सरबराई, ती परक्यासाठीं. त्या बाईनें आम्हांस काकडीचा पानगा पाठविला, तेव्हां तिनें आम्हांस घरचें मानलें होतें. आम्हीं परत केला तो केवळ पदार्थ नव्हता. अन्नाविषयीं उपनिषदांतून आम्हीं पुष्कळ पाठ केलें होतें व वर्गांत सांगितलेंही होतें. त्या पुडीपुढें त्यांतलें एक अक्षर आठवलें नाहीं.

संध्याकाळीं आम्हीं विद्यार्थ्याला बाजूस घेऊन तो प्रसंग बोलून दाखविला. तो थोडा वेळ वाडीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘लहान होतों, गुरुजी.’ विसरलों असें म्हणाला नाहीं, आठवतें असेंही म्हणाला नाहीं. आम्हींही अधिक विचारलें नाहीं. क्षमा मागून घेण्यांतही एक प्रकारची वसुली असते.

रात्रीं पहिला पाऊस आला. चुलीपाशीं आम्ही सर्व बसलों होतों. काकडीचे दिवस नव्हते. तरी म्हातारीनें उरलेल्या आंब्याच्या गरांत तांदळाचें पीठ व गूळ कालवला, पळसाच्या पानांत पुड्या बांधल्या आणि निखाऱ्यांत सारल्या. पान करपल्याचा व गूळ भाजल्याचा वास घरभर पसरला. पहिली पुडी तिनें आमच्या पुढें ठेवली, पण हात मागें घेतला नाहीं.

‘गुरुजी,’ तिनें विचारलें, ‘आज उपास न्हाई ना?’

तिनें हें सहज विचारलें, कीं तिला चाळीस वर्षांपूर्वींचें आठवत होतें, हें तिच्या चेहऱ्यावरून आम्हांस सांगतां येणार नाहीं. आम्हीं ‘नाहीं’ म्हटलें व पान उलगडलें. आमच्या शेजारीं आमचें कुटुंब बसलें होतें. तिनेंही हात पुढें केला. पानगा कडेला करपला होता, आंत मऊ होता, आणि फार ऊन होता. आम्हीं दोन खाल्ले.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं निघतांना चहा आला तो कोरा, गुळाचा. दूध घातलें नव्हतें, आणि बिस्किटें कोणीं पुढें केलीं नाहींत.