ताकाची निर्दोष मुक्तता

प्रिय सुमे,

तुझं पत्र पोचलं. सास्काटूनच्या थंडीचं वर्णन वाचूनच हुडहुडी भरली. इथे दिवाळीची साफसफाई चालू आहे आणि तिच्यापायी आमच्या जाऊबाई आडव्या झाल्यात.

माळ्यावरच्या गाद्या काढून त्यांनी सकाळी झटकल्या. पाव तासात छातीत शिट्ट्या. निळा पंप ओढला, बरं वाटलं, की पुन्हा पदर खोचून हजर! संध्याकाळी मात्र परत धाप लागली आणि या वेळी ती पंपालाही धड दाद देईना. सासूबाईंनी लगेच निकाल दिला, "जेवताना ताक प्यायलीस, भोग आता."

ताक बिचारं निर्दोष गं. संध्याकाळचा दमा सकाळच्याच गादीतला. गादीतल्या धूळकिड्यांची विष्ठा श्वासातून आत गेली, की श्वासनलिकेतल्या मास्ट पेशींवर बसलेल्या आयजीई प्रतिपिंडांना ती चिकटते. शेजारशेजारचे दोन आयजीई तिने जोडले, की पेशी आपला दारूगोळा बाहेर फेकते. हिस्टामिन तयारच असतं, ल्युकोट्राईन्स काही मिनिटांत बनतात. नळीचे स्नायू आवळतात, अस्तर सुजतं, चिकट कफ सुटतो. हा पहिला झटका अर्ध्या तासात टिपेला जातो आणि तास-दोन तासांत ओसरतो. पण त्याच रसायनांच्या हाकेला रक्तातल्या इओसिनोफिल पेशी येतात, आणि सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना चार ते आठ तासांनी दुसरा झटका येतो. तो रेंगाळतो. पुढे कितीतरी दिवस नळ्या इतक्या चिडक्या होतात, की साधी मिरचीची फोडणीही सोसत नाही.

आता गंमत ऐक. याचा एक फार नेटका प्रयोग तुझ्याच गावातला आहे! सास्काटूनच्या डोनाल्ड कॉकक्रॉफ्ट यांनी 1987 मध्ये तो प्रसिद्ध केला. दम्याच्या रुग्णांना आधी औषध द्यायचं, मग मोजून ॲलर्जेन हुंगवायचं आणि तासन् तास नळीत फुंकायला लावायचं. (कंटाळले असतील बिचारे.) आधी साल्ब्युटामॉल, म्हणजे आपला निळा पंप, दिला तर पहिला झटका टळला, दुसरा आलाच. स्टिरॉइडच्या पंपाचा एकच डोस दिला तर नेमकं उलट: पहिला आला, दुसरा अडला आणि नळ्यांचा चिडकेपणाही वाढला नाही.

जाऊबाईंकडे हा दुसरा पंप आहे, कपाटात, सीलबंद. "त्याची सवय लागते," म्हणे. सवय निळ्याचीच लागलीय त्यांना, आणि त्याने सूज हलत नाही. स्टिरॉइड म्हटलं की लोक दचकतात, पण पंपातला डोस गोळीच्या मानाने अगदी थोडा आणि थेट छातीसाठीचा. घेतल्यावर चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं, एवढंच पथ्य.

उद्या त्यांना डॉक्टरांकडे नेतेय. उरलेल्या गाद्या पिंजाऱ्याकडे जातील. चकल्या मात्र यंदा मलाच कराव्या लागणार, तेव्हा तुझ्या आईची भाजणीची कृती लगेच पाठव.

तुझीच,
मंदा