शेवटचं रीडिंग

१८ जून २०२४, डिचोली

पेडण्याच्या घरमालकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर लाईट बिल पाठवलं. खाली एकच ओळ: ‘मास्तर, हे डिपॉझिटातून वळतं करतो.’

मागचं रीडिंग १८,४६२. आताचं १८,६९०. वापर २२८ युनिट. घर आम्ही ३१ मेला रिकामं केलं. त्याआधीच फ्रिज आणि वॉशिंग मशीन इथे डिचोलीत बोर्ड्याला आली होती आणि मे अर्ध्यावर आल्यापासून आम्ही झोपायलाही इकडेच होतो. मग एक पंखा, दोन दिवे आणि मिक्सर यांनी एवढी वीज कुठून खाल्ली? चष्मा लावून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. आकड्यापुढे सरासरीचा शेरा होता. गेटला कुलूप आणि मीटर आत सोप्यावर, तेव्हा रीडिंग घ्यायला आलेला माणूस तरी काय करणार! मागच्या महिन्यांचा वापर धरून आकडा निघाला. मार्च-एप्रिलात आमचा एसी रात्रभर चालायचा. तोच हिशेब रिकाम्या घराला लागला.

चावी देताना मी मीटरचा फोटो काढला होता. त्यात १८,५३१. म्हणजे खरा वापर ६९ युनिट, फरक १५९ चा.

१९ जून

मालकांना फोन केला. माणूस वाईट नाही. म्हणाले, “अहो मास्तर, पुढच्या महिन्यात खरं रीडिंग आलं की आपोआप सरळ होतं ते.”

“सरळ होईल, पण कुणाच्या बिलात?”

ते गप्प राहिले. वाद काय तो इथेच आहे. घरात राहणाऱ्याला सरासरी चालते, कारण या महिन्यात जास्त गेलं ते पुढच्या महिन्यात कमी होऊन त्यालाच परत मिळतं. सोडून गेलेल्याला पुढचा महिना नसतो. त्याचे पैसे नव्या भाडेकरूच्या खात्यात जिरतात.

शिवाय टप्प्यांचा फटका वेगळाच. गोव्यात घरगुती वीज वापराप्रमाणे टप्प्याटप्प्याने महागते: १०० पर्यंत, २०० पर्यंत, ३०० पर्यंत, ४०० पर्यंत आणि त्यावर. ६९ युनिट पहिल्याच टप्प्यात संपतात. २२८ चं बिल तिसऱ्यात शिरतं.

२२ जून

सकाळपासून पाऊस. लाईट दोनदा गेली. मधल्या वेळात केंद्र सरकारचे वीजग्राहक हक्क नियम वाचून काढले. ३१ डिसेंबर २०२० ला अधिसूचित झालेले. बिलावर भांडणारे आपण सगळे, पण हे नियम उघडून किती जण पाहतात कोण जाणे.

कामाच्या गोष्टी टिपून ठेवतो. एका आर्थिक वर्षात दोनपेक्षा जास्त अंदाजी बिलं काढायची नाहीत. मीटरपर्यंत पोचता येत नसेल तर ग्राहकाने आकडा आणि तारीख दिसेल असा मीटरचा फोटो नोंदवलेल्या मोबाईलवरून किंवा ई-मेलने पाठवायची सोय आहे. माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं कलम जागा सोडण्याचं. राहणारा बदलताना किंवा जागा रिकामी होताना विशेष रीडिंग घ्यायला लावणं ही जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याची जबाबदारी. त्यावरून अंतिम बिल निघतं, ते भरल्यावर ना-थकबाकी दाखला. एकदा अंतिम बिल दिलं की त्याआधीच्या काळाचा दुसरा कुठलाही आकार पुरवठादाराला मागता येत नाही.

तेव्हा मला आलेलं बिल अंतिम बिल नव्हेच. ते घर सुरू असल्यासारखं काढलेलं नेहमीचं बिल आहे.

२४ जून

पुतण्याचा ब्रिटनमधल्या स्विंडनहून फोन. तिथे गोंयकारांची मोठी वस्ती आहे. माझी कहाणी ऐकून हसला. म्हणाला, “काका, आमच्याकडे घर न सोडताही हे होतं.” ब्रिटनमध्ये वीज विकणाऱ्या कंपन्या अनेक आणि ग्राहक एकीकडून दुसरीकडे जातो. नवीन कंपनीचं पहिलं रीडिंग तेच जुन्या कंपनीचं शेवटचं. तो आकडा अंदाजाने धरला की एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी, दोन्ही बिलं बिघडतात. २०२१ च्या अखेरीस गॅसचे भाव भडकून तिथल्या लहान कंपन्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हाही लोकांना पहिला सल्ला हाच होता: मीटरचा फोटो काढून ठेवा. चूक ग्राहकाची नसेल तर बारा महिन्यांपेक्षा जुन्या, बिलात न धरलेल्या वापराचे पैसे तिथे मागता येत नाहीत.

आपल्याकडे असा बदल मुंबईने पाहिला. ८ जुलै २००८ ला सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरला उपनगरात किरकोळ वीज विकण्याचा हक्क आहे असा निकाल दिला. मग ऑक्टोबर २००९ मध्ये राज्याच्या वीज नियामक आयोगाने, तिथे आधीपासून वीज पुरवणाऱ्या रिलायन्सच्याच तारांवरून टाटाची वीज घ्यायला वाट करून दिली. तार तीच, विकणारा वेगळा. २०१८ मध्ये रिलायन्सचा तो व्यवसाय अदानींकडे गेला.

गोव्यात वीज सरकारी खात्याचीच, निवडीचा प्रश्न नाही. पण एकाच भागात, एकाच जाळ्यावर अनेक पुरवठादार आणू पाहणारं दुरुस्ती विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि स्थायी समितीकडे गेलं. उद्या तसं काही आलं तर शेवटच्या रीडिंगची भांडणं फक्त भाडेकरूंची राहणार नाहीत.

२८ जून, पेडणे

वीज खात्याच्या कार्यालयात पहिला प्रश्न: “कनेक्शन कुणाच्या नावावर?” मालकांच्या वडिलांच्या. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. आपल्याकडे अर्ध्या गावाचे मीटर असे दिवंगतांच्या नावावर फिरत असतात. घराच्या वाटण्या रखडलेल्या, मग मीटर कुणाच्या नावावर करायचा?

मी २००३ च्या वीज कायद्यातली ग्राहकाची व्याख्या दाखवली. ज्याला स्वतःच्या वापरासाठी वीज पुरवली जाते तो ग्राहक. कारकून सभ्यपणे म्हणाले, “बाब, तुमचं बरोबर आहे, पण मालकांची सही आणा म्हणजे काम लवकर होईल.” विशेष रीडिंगचा अर्ज ठेवून घेतला. सोबत भाडेकरार, बिलाची प्रत आणि फोटो. आवक शिक्का मारलेली प्रत मागून घेतली. तोंडी तक्रारीला तारीख नसते.

४ जुलै

मालक सही द्यायला कांकूं करत होते. बिल मी भरलं की त्यांचा विषय संपतो, उगाच कटकट कशाला, असा त्यांचा हिशेब. मग त्यांना १९ मे २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगितला, के. सी. निनन विरुद्ध केरळ राज्य वीज मंडळ. जुन्या मालकाची वीज थकबाकी भरल्याशिवाय त्या जागेला नवीन जोडणी न देण्याची अट पुरवठादार घालू शकतो, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे माणूस गेला तरी बाकी घराला चिकटून राहू शकते. “आज माझं चुकीचं बिल तुम्ही चालवून घेतलंत, उद्या दुसऱ्या कुणाची खरी बाकी तुमच्या गळ्यात येईल. दर भाडेकरूमागे अंतिम बिल काढून घ्या, तुमच्याच फायद्याचं आहे.”

संध्याकाळी सही मिळाली.

१० जुलै

दुसरं अंदाजी बिल आलं. रिकाम्या घराला पुन्हा सरासरी. मालकांकडे मोपा विमानतळावर नोकरी करणारं नवं जोडपं येतंय. रीडिंग होईपर्यंत चावी देऊ नका, एवढंच त्यांना विनवलं.

१२ जुलै, पेडणे

पाऊस थोडा उघडला होता. विशेष रीडिंगसाठी लाईनमन वेळेवर आला. आधी त्याने सीलची तार बोटाने चाचपली, मग फडक्याने काच पुसली. लाल ठिपका अगदी सावकाश लुकलुकत होता. त्याने बटण दाबलं. पडद्यावर आधी तारीख, मग वेळ, मग युनिट: १८,५३८. आणखी एकदा दाबल्यावर कमाल मागणीचा आकडा आला. त्याने रीडिंग मोठ्याने वाचलं, मालकांनी वहीत उतरवलं, कागदावर तिघांच्या सह्या झाल्या.

माझ्या फोटोनंतरचे सात युनिट सोप्यावरच्या दिव्याचे. तो मालक रात्रभर लावून ठेवतात. “हे सात माझे,” ते स्वतःच म्हणाले. मीटर दोन अंदाजी बिलांच्या कितीतरी मागे उभा होता. यावर आणखी वाद घालायला जागाच उरली नाही.

इथे मिटलं नसतं तर पुढे ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल. हा लोकपाल नेमणारा, गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांसाठीचा संयुक्त वीज नियामक आयोग बसतो हरयाणात, गुरुग्रामला. पेडण्याच्या ६९ युनिटांसाठी तिथवर जायची वेळ आली नाही हे बरंच.

२ ऑगस्ट, डिचोली

सुधारित बिल आलं. दोन्ही अंदाजी बिलं रद्द, रीडिंग १८,५३८ धरून हिशेब. मालकांनी ६९ युनिटांचे आणि माझ्या वाट्याच्या स्थिर आकाराचे पैसे कापून उरलेलं डिपॉझिट जीपेवर पाठवलं. नव्या भाडेकरूच्या करारात त्यांनी आता एक ओळ वाढवली आहे: घर सोडताना विशेष रीडिंग सक्तीचं.

फोटोने माझी बाजू भक्कम झाली, पण निकाल लागला तो तिघांसमोर घेतलेल्या रीडिंगने. म्हणून भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना सांगणं एवढंच. सामान बांधायला घ्याल त्याच आठवड्यात मालकांची सही घेऊन विशेष रीडिंगचा अर्ज द्या, त्याची पोच घ्या, आणि अंतिम बिल व ना-थकबाकी दाखला हातात आल्यावरच डिपॉझिटाचा हिशेब मिटवा. सरासरी बिलावर घर सोडू नका.